आधी थोडं आवळायचं

बंदी उठायला नऊ दिवस होते तेव्हा
शाबा पागी इंजिन घेऊन आला,
टेम्पोत, झावळ्यांवर आडवं निजवून,
आजारी माणसाला आणतात तसं.
पंधरा हॉर्सपॉवर. दोन वर्षं गोठ्यामागे उभं.
खालच्या गिअरपेटीचे पाच बोल्ट,
पाचही त्याच धातूतून उगवल्यासारखे.

रॉकमामने वाकून आधी वास घेतला.
म्हणाला, हा गंज नव्हे.
गंज तांबडा असतो, कबुली देतो.
हे पांढरं. ॲल्युमिनियम आणि स्टील
खाऱ्या पाण्यात एकमेकांना खातात,
आणि उरलेल्या पिठानेच
चिकटून बसतात.

पहिल्या रात्री माडाचा शिर्का.
सेवेरिना मावशीच्या बरणीतला, न विचारता.
बोल्टांवर चिंध्या गुंडाळून भिजत ठेवल्या.
सकाळी शेडला लोणच्याचा वास,
आणि मांजर तीनदा येऊन गेलं.

मग टॉर्च. ज्योत बोल्टाला नाही,
त्याच्या भोवतीच्या अंगाला.
तापलं की कपेलातल्या मेणबत्तीचं टोक टेकवायचं,
मेण आपणच आटे शोधत आत जातं.

मी पाना लावला, सगळा जोर डावीकडे.
"रांव गो सुलक्षा. सवकास.
सोडायच्या आधी थोडं आवळायचं.
त्याला वाटू दे, तू त्याच्याच बाजूची."
उजवीकडे केसभर. मग डावीकडे.
हातोडीची टिचकी. पुन्हा उजवीकडे.
दुपारपर्यंत चार निघाले,
एकेक जण किंचाळत.
जेटीवरची पोरं कानांत बोटं घालून बघत राहिली.

पाचवा अचानक सोपा झाला.
पाना लोण्यातून गेल्यासारखा फिरला
आणि मी हसले.
मामचा चेहरा तेवढ्यात उतरला होता.
डोकं माझ्या तळहातावर, धड आत.
"ओरडतो तो सुटतो," तो म्हणाला.
"मऊ लागला की थांबायचं असतं.
हे तुला सांगायचं राहिलं."

शाबा बाकावर न पेटवलेली विडी धरून होता.
सकाळपासून पहिल्यांदा बोलला:
"आमचा मयेश गेला तेव्हा ओरडला नाही.
होडी मीच चालवणार, म्हटलं त्याला.
बरं बाबा म्हणाला. माशाची कढी दोनदा वाढून घेतली.
सकाळी बघतो तर
जहाजाची बॅग घेऊन दाबोळीला."

मामने ड्रिल मागितलं.
बरोबर मध्यावर खूण. तीन मिलीमीटर, मग पाच.
मी तेल सोडत होते, थेंब थेंब,
आणि आतून चांदीचे केस निघाल्यासारखा
कीस निघत होता.
संध्याकाळ झाली. खाडीचं पाणी उतरलं.
कोणी घाई केली नाही.

सातव्या दिवशी, नवा रबरी पंखा घालून,
इंजिन निळ्या पिंपात उभं केलं.
मामने दोरी शाबाच्या हातात दिली.
चारदा काही नाही.
पाचव्यांदा खोकलं. मग परत काही नाही.
नवव्यांदा धूर, थरथर,
आणि मागच्या बारीक भोकातून
पाण्याची तिरकी धार.

"मुतलें!" सत्तरीचा माणूस ओरडला,
"मुतलें गो!"
मी धारेखाली बोट धरलं.
कोमट.
म्हणजे पाणी सगळीकडून फिरून आलं होतं.

बिल त्याने न वाचता खिशात कोंबलं,
तुटक्या बोल्टाचं डोकं मात्र मागून घेतलं.
शिर्क्याचे पैसे लावायचे राहिले.
सेवेरिना मावशी अजून काढते.