बी, ई, एल, जी

बाबांची धोकटी मी उघडली दिवसकार्य उरकल्यावर.
तुरटी, खोबरेल, बुरशी धरलेला चामोटा.
कैची, नराणी, दाते गेलेली फणी,
आणि अगदी तळाला, जुन्या धोतराच्या फडक्यात
एक दगड. अंगाच्या साबणाएवढा. वैशाखातही गार.

वरून पिवळट, खरवसाच्या रंगाचा.
खालून जांभळा, पाटीसारखा.
दोन तुकडे चिकटवलेत की काय, म्हणून नख घातलं.
सांधा नव्हता. दगडच तसा जन्मलेला.

बाबा सांगायचे, आज्जाला हा मलप्रभेत गावला,
खानापूरच्या घाटावर, कुणाच्या तरी दहाव्याला
मुंडण करायला गेला तेव्हा.
आई म्हणायची, कसला गावतोय!
येळ्ळूरच्या रवळू सुभेदारानं
तीन वर्षांच्या थकलेल्या बलुत्यापोटी दिला,
कुठल्याशा लढाईतनं आणलेला,
आणि आज्जी आठ दिवस बोलली नाही,
भात आणायला पाठवला तर धोंडा घेऊन आला म्हणून.

कडेला कागदाची चिठ्ठी, तेलानं तपकिरी.
इंग्रजी चार अक्षरं शिल्लक: बी, ई, एल, जी.
पुढचं झिजून गेलेलं.
‘बघ की, बेळगाव लिवलंय,’ बाबा म्हणायचे.
वाचता येत नव्हतं, पण स्टेशनावरच्या पाटीशी
एकेक अक्षर ताडून पाहिलं होतं त्यांनी.
मला नकाशावरचं आणखी एक नाव ठाऊक होतं.
बोललो नाही कधी.

मी उद्यमबागेत, ग्राइंडिंग मशीनवर.
मायक्रॉनात बोलणारा माणूस.
डायल लावून बघितलं: दगडाच्या मधोमध खळगा,
मिलिमीटरला थोडा कमी.
म्हटलं, रविवारी सरफेस ग्राइंडरवर धरतो,
दहा मिनिटांत आरशासारखा सपाट.

त्याआधी नेला शिवलिंगप्पा हडपदांकडे.
शहापूरच्या खडेबाजारात बाबांच्या शेजारची खुर्ची त्यांची,
चाळीस वर्षं.
त्यांनी दगडावर हाः केलं आणि हुंगलं.
‘मण्णु,’ म्हणाले. माती.
मग थेंबभर पाणी. थेंब बसून राहिला,
दगड प्यायला नाही.
मग अंगठ्याचं नख ओढलं. ओरखडा नाही, नुसती झिलई.
‘साणेकल्लु. पण हितला न्हवं.
हितल्या दगडानं कोयता हुतोय, वस्तरा न्हाई.’
चिठ्ठी मात्र बराच वेळ बघत राहिले.
‘जुनं नाव हाय. आता मधी एक ए घालाय पायजे.’
आणि एकटेच हसले.

पातं दगडावर आडवं झोपवलं त्यांनी,
पाठ आणि धार दोन्ही टेकवून,
आणि धारेच्या तोंडानं पुढं ढकललं
साय काढावी तसं.
उलटवलं ते पाठीवरनं, धारेवरनं कधीच नाही.
आधी खरखर. मग कुजबुज. मग काहीच ऐकू येईना.
पाण्याचं ताक झालं, त्यात काळी रेघ.

‘काय बघूलाईस? हात लाव.’
मी ढकलला. वस्तरा आपोआप वळला,
कुणी मनगट धरल्यासारखा.
पातं उजेडात धरलं तेव्हा कळलं:
धार सरळ नव्हती, तिलाही पोट होतं,
खळग्यात बरोबर बसणारं.
दोघं एकमेकाला घासत घासत
एकमेकाच्या मापाचे झालेले.
दगड सपाट केला असता
तर हा वस्तरा फक्त मध्यावर टेकला असता.

दुकानात आता अर्धं ब्लेड मोडून घालतात,
गिऱ्हाईक बघत असतं, पाकीट नवं आहे ना.
वस्तऱ्याला गाल द्यायला कुणी नाही.
अज्जांनी स्वतःच गळ्याला टॉवेल गुंडाळला
आणि मान मागं टाकली.
मी कानाखालून सुरुवात केली. हात थरथरत होता.
केस निघताहेत की नुसता फेस, तेच कळेना.
हनुवटीखाली, शीर उडते तिथं,
दुसऱ्यांदा फिरवायला गेलो.
‘साकु,’ ते म्हणाले, डोळे न उघडता.

नळाखाली दगड धुतला,
चिठ्ठीवर अंगठा धरून.