टेरिकॉट रंग धरत नाही

सावद्याबाहेर, नदीच्या अलीकडे,
प्रल्हादभाऊंच्या मळ्यात आज माझा वर्ग.
विटांच्या तीन चुली, तीन पातेली,
तुटक्या कानाचा एक हंडा,
आणि वर केळीच्या पानांचं छत, इतकं दाट
की दुपारचे बारा हिरवे वाजतात.

बोलावल्या होत्या वीस जणी. आल्या तेरा.
बाकीच्या घड कापायला गेल्या,
दिल्लीचा ट्रक बांधावर उभा आहे.

मी सांगते: आधी कापड धुवा,
मग हिरड्याच्या पाण्यात बुडवा, मग तुरटी.
तुरटी म्हणजे सोयरीक जुळवणारा माणूस,
सूत आणि रंग यांच्या मधला.
सायराबाई तडवी विचारतात, "अन् तो नसला त?"
नसला तर पहिल्याच धुण्यात रंग माहेरी.
हसण्याने पातेलं डुचमळतं.

मी भावसार. म्हणजे आडनाव भावसार.
पणजोबा आलाच्या मुळीने पासोड्या रंगवायचे,
त्यांची बोटं सरणावरही लाल होती म्हणे.
आजोबा एसटीत चिकटले, वडील बँकेत,
घराण्याची बोटं पांढरी होत गेली.
मी शिकले चाळिशीत, वजनकाट्यावर,
शंभर ग्रॅम कापडाला पंधरा ग्रॅम तुरटी.
आल आता कुणी लावत नाही.
मंजिष्ठा आणते जळगावच्या काष्ठौषधीवाल्याकडून,
तो दरवेळी विचारतो, कुणाच्या अंगावर चट्टे उठलेत?

डाळिंबाच्या सालीत एक ओढणी पिवळी पडली.
गुळात कुजवलेल्या खिळ्यांच्या पाण्यात
कुणाचं तरी परकर राखाडी, मग पावसाळी काळं.
तेव्हा वत्सलाबाई कोळींनी पिशवीतून काढला
मालकांचा जुना शर्ट, फिका, जवळजवळ पांढरा,
लुगड्यावरून घालून त्या घड वाहतात तो.
छातीवर केळीच्या चिकाचे तपकिरी नकाशे.
मी बोटांत चुरून पाहिला.
बाई, हा टेरिकॉट. हा रंग धरत नाही.
"टाकून त पाहा," त्या म्हणाल्या.
"लाल नाही झाला त नाही झाला, रागावणार थोडीच."

टाकला.
तासाभराने काठीने वर काढला
तर शर्ट जसाच्या तसा, कोरडा स्वभाव.
चिकाचे डागही जसेच्या तसे.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात सायराबाईंनी
बाही उन्हाकडे धरली.

कोपरावर लाल टाके.
काखेत लाल. खिशाच्या कोपऱ्यावर,
कॉलरच्या मागे बारीक, वाकडी, लाल मुंग्यांची रांग.
पांढऱ्यावर पांढरा दोरा,
इतकी वर्षं कुणाला दिसलाच नव्हता.
पोत्यांची तोंडं शिवायचा सुती दोरा तो,
दोराच तेवढा प्यायला होता.

"हे तुम्ही शिवलंय?"
"मी कशाला," वत्सलाबाई म्हणाल्या.
"मला दाभणाशिवाय काही धरता येत नाही."
मग शर्ट फिरवत राहिल्या, उलटा, सुलटा.
ते ट्रकवर असतात. तिकडे माल उतरेपर्यंत
दोन-दोन दिवस मंडीबाहेर थांबावं लागतं.
"कव्हा शिवलं यानं एवढं," त्या स्वतःशीच बोलल्या,
"अन् सांगलं नाही."
बायकांनी टाके मोजले. कोपराचे सव्वीस.
कुणीतरी म्हणालं, माझ्यापेक्षा बरे घालतो.

दुपारी कापाकापी.
पोलक्याची बटव्यासाठी, पँटची ॲप्रनसाठी.
मला वाटलं, त्या शर्टाला कात्री लावू देणार नाहीत.
त्यांनीच पहिली बाही उतरवली, कचाकचा,
कोपराचा चौकोन कापून घेतला,
पिशवीवर बाहेरून खिसा म्हणून ठेवला,
"यात मोबाईल राहीन ना?"
राहील.

ट्रकने हॉर्न दिला. चार जणी उठून पळाल्या,
वाळत घातलेलं तसंच टाकून.

प्रल्हादभाऊ विचारायला आले, उरलेलं पाणी
केळीला चालेल का. केळीला नको म्हटलं, तुरटी आहे.
मग त्यांनी हंडा नेला निंबाकडे
आणि ओतला बुंध्यापासून लांब, मोकळ्या मातीत.
मी पाहत होते कुठवर लाल जातं.
दोन हात गेलं असेल.
काळी जमीन. सगळं प्यायली,
आणि होती तशीच काळी दिसत राहिली.