रकाना सतरावा

दिवाडीची फेरीबोट पायी माणसाचे पैसे घेत नाही.
हे मी लगेच लिहून घेतलं,
अर्जात त्याला रकाना नव्हता तरी.

चाळीस प्रश्न होते बॅगेत
आणि गोंद लावलेलं एक हिरवं पान,
घर पास झालं तर दारावर डकवायला.
तीन खोल्या, नाश्ता धरून.
मालकीण एर्मेलिंद फुर्ताद.
वय विचारलं, तर म्हणाली, "लिही, फणसापेक्षा लहान."

"सांडपाण्याचं नियोजन?"
तिने न्हाणीमागे नेऊन एक केळ दाखवली.
घड इतका लोंबलेला
की बांबूचा टेकू दिला होता.
"हे मार्चातले दिल्लीवाले. दिवसातून तीनदा न्हायचे."
शेजारची केळ किडकिडीत.
"आणि हा एकटा जर्मन. चार दिवसांत दोन बादल्या."

"कर्मचारी किती?"
"तीन. मी, रुक्मा, आणि ते."
ते, म्हणजे विहिरीतलं कासव.
डासांच्या अळ्या खातं, बावीस वर्षं कामावर,
रजेचा अर्ज नाही.

"सौरऊर्जा?"
मुलाने स्विंडनहून पैसे पाठवले, दोन पत्रे बसवले.
एकावर नारळ पडला.
"माड आपलाच. तक्रार कुणाकडे करू?"

"प्लास्टिक?"
इथे ती थांबली.
मग जिन्याखालचं कपाट स्वतःहून उघडलं:
सीलबंद बाटल्या, एक अख्खं खोकं.
"पाणी मी उकळते, माठात गार करते,
पण त्यांना सील तुटल्याचा आवाज लागतो, बाब.
आवाज ऐकला की अर्धी तहान तिथेच भागते."
मी गुण कापले. तिने वाकून पाहिलं,
बरोबर कापलेत का.

रात्री दहाला वीज गेली.
शिंपल्यांच्या तावदानांतून चांदणं यायचं,
वारा नाही.
खाजणाच्या बांधावर कुणीतरी कंदील घेऊन
मानशीची दारं बघून गेला, भरतीची वेळ होती.
मी घामात पडून
वातानुकूलन नसल्याबद्दल दिलेले पाच गुण
मनातल्या मनात परत घेत होतो.

दोनला उठलो. विहिरीवर गेलो.
कप्पी कुरकुरली, दोर जड लागला,
बादली वर आली, तर तिच्यात
कर्मचारी क्रमांक तीन.
त्याने मान बाहेर काढली
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी दिवसभर लोकांच्या न्हाणीघरांकडे पाहतो.
"चुकलं," मी म्हणालो, मोठ्याने,
आणि वीत वीत दोर सोडत
त्याला खाली पोचवलं.
आंघोळ राहिली.

तहान मात्र राहिली नाही.
माठ स्वयंपाकघरात, अंधार, परकं घर.
कपाट जिन्याखाली, वाटेतच.
टक्.
केवढा मोठा आवाज होता तो.

सकाळी पोदेराचा भोंगा, पों पों.
रुक्मा कापडी पिशवी घेऊन धावली.
गरम पोई, कैरीचं मिस्कूट,
दिल्लीवाल्यांच्या घडातली दोन केळी.
खाता खाता अर्ज पुरा केला.
रकाना सतरा: पाणीवापरावर देखरेख कोण ठेवतं?
मी लिहिलं, कासव.
कचेरीतून हा कागद परत येणार, ठाऊक आहे.

"दोन गुण कमी पडले," मी सांगितलं.
ती म्हणाली, "बरं झालं.
पानाचा रंग उन्हात जातो, गोंद तेवढा उरतो.
दार सागवानी आहे."

बिल तिने घडी घालून दिलं.
ते मी फेरीवर उघडलं.
खोली एक. नाश्ता एक.
खाली, वेगळ्या शाईत: बाटली एक, रिकामी सोबत दिली आहे.

बॅग चाचपली.
चाळीस उत्तरांच्या आणि न डकवलेल्या पानाच्या मध्ये
ती होतीच,
आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत
जरा हललो की
कडकड वाजत होती.