इतवारीतला संडे

बर्डीवर, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
सात ते साडेआठ माझा इंग्रजीचा वर्ग भरतो.
खाली मशीन चालली की वर फळा थरथरतो,
सरळ रेघ कधीच येत नाही.

आज वार शिकवायचे होते.
मला वाटलं, वीस मिनिटांत संपतील.

वार असला की ऑन, मी म्हटलं.
गाव असलं, मोहल्ला असला, की इन.
मागच्या बाकावरून देवमन पराते उभे राहिले.
वय त्रेपन्न, मिहानमधल्या एका कंपनीच्या गेटवर गार्ड,
रजिस्टर इंग्रजीत भरावं लागतं म्हणून येतात.
"मॅडम, मी त इतवारीत रायतो.
मंग मी संडेच्या इन हावो का ऑन हावो?"

वर्ग हसला. मीही हसले,
पण खडू हातातच राहिला.
खरंच की, या शहरानं अख्खा आठवडा
जमिनीवर अंथरून ठेवलाय.
सोमवारी क्वार्टरात परात्यांची बहीण,
मंगळवारीत साडू,
शुक्रवारी तलावाच्या पाळीवर थोरल्याचं पंक्चरचं दुकान.
इथं माणूस बुधवारीतून निघतो
आणि चहा थंड व्हायच्या आत इतवारीत पोचतो.
मध्ये गुरुवार लागत नाही.

मी सांगून पाहिलं:
आपला ऑन वेगळा उभा राहत नाही,
तो वाराच्या शेवटी चिकटून येतो.
रविवारी. सोमवारी. ती शेवटची ई, तोच ऑन.
"म्हंजे इतवारीत ऑन पयलेच हाये,
वरून आपण इन लावून रायलो," पराते म्हणाले.
"दोन दोन कुलपं."

मग मोठी अक्षरं.
आपल्या लिपीत सगळे एकाच रेघेला लटकलेले,
तिथं मात्र मंडेचा एम मोठा, मेचा एम मोठा,
समरचा एस लहान.
"लहान?" नर्सिंगवाली रजनी खोब्रागडे उसळलीच.
"सत्तेचाळीस डिग्री, बाप्पा, अन् लहान अक्षर?"
ज्यानं हा नियम केला
त्याला एक मे महिना इथं आणायला हवा होता.

सुटायच्या वेळी परात्यांनी अर्ज पुढे केला.
सर, आय कुड नॉट कम ऑन लास्ट संडे.
मी ऑनवर काट मारली.
लास्ट आला की ऑन जातो.
नेक्स्ट, धिस, एव्हरी, यांनाही तो चालत नाही.
"काहून?"
पुस्तकात काहून नव्हतं.

"लास्ट संडेले माग इकला," ते म्हणाले.
"बापाचा. सागवानी. चौघांनी उचलून ठेल्यावर टाकला.
आता घरात निरा खड्डा हाये,
पाय सोडून बसाचा.
नातू त्यात चेंडू टाकते."
अर्जात कारणाची ओळ कोरी होती.
मी म्हटलं, पर्सनल वर्क लिहा, चालतं.
त्यांनी लिहिलं नाही.
विचारलं, "बाप इतवारी बी इनत असे.
हे कसं म्हणाचं?"

ऑन संडेज, मी म्हटलं. शेवटी एस.
एकदाच नाही, नेहमीचं, असा त्याचा अर्थ.
त्यांनी तो एस अर्जाच्या मागच्या बाजूला काढला,
मग पुन्हा काढला,
थोडा मोठा, जरा वाकडा,
खाली मशीन सुरूच होती.

रस्त्यावर आले तेव्हा नऊ वाजत होते. वार बुधवार.
ऑटोवाला ओरडत होता, "इतवारी! इतवारी! एक सवारी!"
पराते वाकून आत शिरले,
अर्जाची घडी खिशात, एक पाय बाहेरच.

वहीत टीप केली, पुढचा तास वाहनांचा:
बसला ऑन, ऑटोला इन.
ठेल्याला काय, ते पाहून ठेवायचं.