काटा

या गावात काट्याला कोणी घाबरत नाही.
साग्वारो कुंपणाशी हात वर करून उभे,
पोलिसाने हटकल्यासारखे,
आणि आम्ही त्यांच्या पायाशी गाड्या लावतो.
मी घाबरते ती एकाच काट्याला:
काचेमागचा, नारिंगी, करंगळीएवढा,
ग्रँट रोडच्या तिसऱ्या सिग्नलला
जो मधली रेघ ओलांडतो.

बुइक. ब्याण्णव सालची.
त्याला नको होती म्हणून मला मिळाली,
कुत्र्यासकट.

धुराची परीक्षा गुरुवारपर्यंत.
नापास झाली तर नंबरप्लेटवर नवा स्टिकर नाही,
आणि गाडी नाही तर रात्रपाळी नाही.
मग पहाटे तीनला मिसेस हॉलेनबेकची
कूस कोण बदलणार?

व्हर्लिन अँटोन बॉनेटखाली वाकला
आणि बराच वेळ तिथेच राहिला.
सेल्सच्या वाटेवर चाळीस वर्षं
दुसऱ्यांचे ट्रक जिवंत ठेवलेला माणूस.
म्हणाला, पंखा गेलाय. दुसरा शनिवारी मिळेल.
तोवर थर्मोस्टॅट काढला तर कदाचित उकळणार नाही.
मी म्हटलं, काढ.
म्हणाला, पण मग ती नीट तापायचीच नाही,
आणि गार इंजिनाचा धूर घाण असतो.
नापास करतील.

म्हणजे तापायला तर हवी.
उकळायला नको.
"मग?"
"मग मधे ठेवायची."
आणि त्याने हात पुसले,
उत्तर देऊन झाल्यासारखे.

मधे ठेवायची!
मला तर चहासुद्धा कधी मधे ठेवता आला नाही.

बुधवार. बाहेर एकशे नऊ.
चारी काचा खाली, हीटर पूर्ण सोडलेला,
म्हणजे तिचा ताप थोडा मी घ्यायचा.
नडग्या भाजल्या. चपलेचा डिंक सुटला.
सिग्नलला शेजारच्या गारेगार गाडीतून
एक मुलगा माझ्याकडे बघत होता,
तोंडातली स्ट्रॉ तशीच.
मी त्याला हात केला.
काटा रेघेच्या अलीकडे,
केसभर.

परीक्षेच्या दारात अकरा गाड्या.
उभ्या गाडीला वारा कुठला?
काटा सरकला. मी किल्ली फिरवली.
शांतता, आणि आत कुठेतरी
पातेलं उतरवल्यानंतरची चुळबूळ.
रांग हलली. मी उतरले,
दाराला खांदा लावला
आणि एक गाडीभर अंतर ढकलत नेलं.
दुसऱ्यांदा ती अचानक हलकी लागली.
मागे दोन हात होते, मनगटापर्यंत रंगाचे डाग.
तो काही बोलला नाही.
परत गेला, आपला ट्रक एक गाडीभर पुढे घेतला,
उतरला, आणि पुन्हा आला.
असं सात वेळा.

शेवटच्या वळणावर मी तिला जागी केली.
दानेल नावाची पोरगी, हातात नळी,
विचारते, "इंजिन गरम आहे ना?"
मला इतकं हसू आलं
की तिने दुसऱ्यांदा विचारलं.

नळी मागे. आकडे तिच्या पडद्यावर.
मी मात्र पुढचा काटा बघत होते.
मिसेस हॉलेनबेकच्या काखेतला थर्मामीटर
असाच बघते मी. बघून उतरत नाही,
तरी बघते.

पास.
छापील कागद, अजून कोमट.

दारातून बाहेर पडले आणि चाळीस पावलांवर
तिने सगळं ओतलं:
हिरवं पाणी, वाफ, तो गोडसर वास.
पास झालेल्याने असं करायला हरकत नसावी.
मागोमाग ट्रकही आला. तोही पास.
पाण्याचा कॅन घेऊन तो उतरला,
झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"आत्ता नको," मी म्हटलं.
"आत्ता नकोच," तो म्हणाला.
दोघांच्याही हातांवर जुने डाग होते.

साग्वारोची सावली एका माणसापुरती असते,
रुंद नाही, नुसती लांब.
तिच्यात आम्ही एकामागे एक उभे राहिलो,
अजून रांगेत असल्यासारखे.