कानातले खडे

चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टर क्वाद्रुश विचारते,
चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं, काका?

नेमकं.
इतक्या वर्षांत नेमकं कुणी विचारलं नव्हतं.

आधी वाफ. डेकच्या फटीतून वर येणारी, पांढरी,
पेजेच्या मडक्याचं झाकण थरथरावं तशी.
पुढच्या खुर्चीत कुरुविला कोपर पोटात रोवतो,
नाहीतर थ्रॉटल हातासकट मागे यायचा.
मी मागे. माझ्या हातात काही नाही.
डोकं टेकव, जीभ दातांआड ठेव, एवढंच काम.

आणि मग धक्का नाही हो.
धक्का बस थांबते तेव्हा बसतो.
हे तुमच्याच आतून कुणीतरी तुम्हाला मागे ओढतं,
बाणावलीला रापण ओढतात तसं,
पण चाळीस माणसांचं तासाभराचं ओढणं
दोन सेकंदांत.
गाल कानांपाशी. डोळे सपाट, कडेकडेने सगळं करडं.
छातीवर घुमटाचं कातडं ताणून बांधलेलं,
हवा आत येत नाही, बाहेर जात नाही,
नुसती वाजते.
आईने म्हार्दोळहून आणलेली जाई एकदा खिशात राहिली.
उतरल्यावर पाहिलं तर पाकळ्यांचा ठसा
आतून बनियनवर.

पण ते नव्हे, डॉक्टर. त्याच्यानंतरचं.
ओढ एकदम सुटते
आणि वाटतं, विमान थांबलं.
रात्री खाली काळं, वर काळं,
आणि कान सांगतो: नाक वर गेलंय, फार वर, दाब खाली.
देवळात शपथ घ्यावी तसं सांगतो.
खाली साठ फुटांवर समुद्र.

कुरुविला कानाचं ऐकत नसे.
काट्याकडे बघून मोठ्यानं वाचायचा, मल्याळी हेलात:
साठ. ऐंशी. शंभर.
त्या आवाजाला धरून मी वर गेलो, एकशे बारा वेळा.
गेल्या चैत्रात तो वारला, कोट्टायमला, बिछान्यात.

ती यातलं काही लिहून घेत नाही.
म्हणते, कानात बारीक खडे असतात, चुन्याचे.
तुमचे जागचे हललेत. एवढंच.

एवढंच.
मला तर वाटतं हललेच नाहीत, बाई.
चौऱ्याहत्तर सालापासून ते तिथेच आहेत, डेकवर.
मी पुढे निघून आलो.

आडवे व्हा, म्हणते.
माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरते, उजवीकडे वळवते,
पलंगाच्या कडेखाली सोडते.
पंखा जागा सोडतो. खिडकीतला माड,
भिंतीवरचं फार्मसीचं कॅलेंडर, सगळं एकाच दिशेला धावत सुटतं
आणि माझं कोपर आपोआप पोटात रुततं,
जे कधीच माझं काम नव्हतं.

डोळे उघडे ठेवा, काका. तीसपर्यंत मोजा.

साठ, मी म्हणतो.
ऐंशी.