परवा

तिसरीत असताना सुरवसे बाईंकडं शिकवणीला जायची मी,
विडी घरकुलात. गेलेली लाईट आली,
बाई आतून म्हणाल्या, कंदील वाढव गं.
मी किल्ली फिरवली. वात वर, अजून वर,
काच काळी होईतो वाढवला.
बाई हसल्या नाहीत. फडक्यानं काच पुसत म्हणाल्या,
दिव्याला विझ म्हणू नये,
तो ऐकतो.

घरी सांगितलं तर अम्मा म्हणाली, त्यात काय,
आपल्यात दिवा डोंगर चढतो.
दीपं कोंडेक्किंदि.
शेजारच्या शिवगंगाकाकू कानडीत त्याला मोठा करतात.
एका भिंतीला टेकून तीन भाषा
आणि अंधाराला अंधार म्हणायची
एकीचीही छाती नाही.

तेव्हापासून मी मराठी शब्द उलटून बघते,
गिऱ्हाईक चादर उलटून बघतं तसा.
इकडून मोर लाल, जमीन पांढरी.
तिकडून मोर पांढरा, जमीन लाल.
धागे तेच.
सुलटी कुठली, विचारलं की नायना म्हणायचा,
थंडीला विचार.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये रॅपिअर माग आले,
चार, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेले.
मालकानं पहिल्यापुढं नारळ वाढवला.
दुपारी सात जणांना नारळ दिला.
नायनाचं मराठी मजुरीपुरतं :
बीम, पिक, खाडा, उचल.
तो अर्धी वाटी रुमालात बांधून घरी आला,
मान मिळाल्यासारखा.
अम्मानं विड्यांचं सूप बाजूला सारून चटणी वाटली.
खोबरं गोड होतं, हे खरंच आठवतं.
सोमवारी वॉचमननं त्याला फाटकातूनच
अर्थ सांगितला.

हिशेबाच्या कागदावर हंचाटे दिवाणजींनी लिहिलं होतं, चुकता.
नायना म्हणाला, कुणाची चूक?
मी नववीत. म्हटलं, चूक नाही, चुकता म्हणजे पुरा दिला.
मग चुकवला म्हणजे?
म्हणजे दिला.
किंवा दिला नाही.
तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला,
जणू ही भाषा मीच विणली होती.

राहिलेल्या बोनसला दिवाणजी म्हणायचे, परवा.
नायना पायरीवरून विचारायचा,
मोन्न का एल्लुंडि?
आमच्यात दोन शब्द आहेत,
होऊन गेलेल्याला एक, यायच्याला एक.
मराठीचं एकात भागतं, क्रियापद राखणीला असतं.
दिवाणजी क्रियापद लावायचे नाहीत.
आणि दोन दिवसांनी गेलं की,
अहो, परवा यायचं ना!

भिवंडीच्या एसटीला त्याला सोडायला गेले मी.
सोडायला.
एक पाय पायरीवर, काखेत डबा,
पोयि वस्ता, म्हणाला. येतो.
निघणाऱ्यानं येतो म्हणायचं,
एवढं मात्र त्याला तिन्ही भाषांतून येत होतं.
गाडी सुटली.
आत बसलेल्यांचीही सुटली,
मागून पळत आलेल्या त्या पोत्यावाल्याचीही सुटलीच.

आता मी चौथीला मराठी शिकवते.
विरुद्धार्थी शब्दांच्या तासाला
पोरं भराभर जोड्या लावतात, मी बरोबरच्या खुणा करते.
त्यांना अजून काही सांगत नाही.
मोठी होतील, कुणीतरी कंदील वाढवायला सांगेल.

शिवगंगाकाकू शेंगाचटणीची वाटी घेऊन येतात,
उंबऱ्यातूनच विचारतात, वडील गं? कधी?
परवा, म्हणते मी.
त्या पुढच्या शब्दाची थोडी वाट बघतात.
आत अम्मा चटणी काढून घेते,
वाटी धुते, पुसते,
आणि रिकामी परत जाऊ नये म्हणून
चिमूटभर साखर घालते.